गाळे, वाडी आणि हजानची खोली : वकीलताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय वकीलताई,

सप्रेम नमस्कार आणि शालोम.

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) ट्रस्टचे कागद तुम्ही मार्गी लावून दिलेत. त्याचे आभार जाहीर मानतोय, कारण अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेलची सिनेगॉगं असोत की एखाद्या गावचं छोटं देवस्थान, दुखणी साधारण सारखीच असतात. तुमचं औषध इतरांनाही लागू पडावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रस्टच्या मालकीचे बाजारात तीन गाळे, सिनेगॉगच्या मागे हजानसाठी दोन खोल्या आणि एक नारळ-सुपारीची वाडी. हजान प्रार्थना चालवतो, लहान गावात बरेचदा कोशर कापणीही (धर्मनियमांप्रमाणे जनावर कापणं) तोच करतो. 1948 नंतर एकेक घर इस्रायलला गेलं. आता शब्बाथला (शनिवारच्या पवित्र दिवशी) सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवतानाच दमछाक होते, तिथे वर्गणीच्या भरवशावर पगार कसा निघणार? गाळ्यांचं भाडं आणि वाडीचं उत्पन्न, यावरच हजान टिकतो.

ताई, सगळे कोर्टाची भाषा करत होते तेव्हा तुम्ही फक्त तीन कागद मागितलेत: धर्मादाय कार्यालयातून अनुसूची 1 ची (ट्रस्टच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्याची) सहीशिक्क्याची नक्कल, गाळ्यांची आणि सिनेगॉगची मिळकत पत्रिका, वाडीचा सातबारा. तिन्ही शेजारी ठेवून नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा ओळीने ताडायच्या. क्षेत्रात पहिला घोटाळा दिसतो तो बहुतेक वेळा खरा नसतोच. जुन्या नोंदी वारात आणि गुंठ्यांत, नव्या चौरस मीटरमध्ये. एक गुंठा म्हणजे 121 चौरस वार, म्हणजेच 101.17 चौरस मीटर. हा हिशेब आधी करून घेतला की निम्मी भांडणं मिटतात.

नावाचा घोटाळा मात्र खरा होता. मिळकत पत्रिकेवर धारक म्हणून त्या काळच्या मुकादमांचं (सिनेगॉगच्या प्रमुखांचं) नाव, तेही नुसतं. चौकशीच्या वेळी पुढे उभा असलेला माणूस नोंदवला गेला, ‘सिनेगॉगतर्फे वहिवाटदार’ हे शब्द राहून गेले. मुकादम वारले, रीतीप्रमाणे वारसनोंद झाली आणि देवाची मिळकत कागदोपत्री एका कुटुंबाची झाली. कुणाचं कपट नाही, नुसती टेबलावरची सवय.

यावर गावात सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे वारसांकडून हक्कसोडपत्र घ्या. तुम्ही ते ठाम नाकारलंत. हक्क सोडायला आधी तो असावा लागतो. हक्कसोडपत्र घेतलं की त्यांचा हक्क होता हे ट्रस्टनेच लिहून दिल्यासारखं होतं, वर मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च. त्याऐवजी वारसांचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं: ही मिळकत आमच्या पूर्वजांची खासगी कधीच नव्हती, त्यांचं नाव विश्वस्त म्हणून लागलं होतं. वारस इस्रायलमध्ये असतील तर तिथल्या नोटरीपुढे सही करून त्यावर अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) घ्यायचं. हे प्रतिज्ञापत्र, अनुसूची 1 आणि ट्रस्टच्या नावच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या जोडून भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज. नुसती लेखनातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्ती होते. वारसनोंद मंजूर झालेली असेल तर मात्र कलम 247 प्रमाणे अपील करावं लागतं. या दोन्हींत गल्लत केली की अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो.

पण अर्ज करणारे विश्वस्त तरी नोंदलेले हवेत ना! विश्वस्त वारला, राजीनामा दिला, देश सोडून गेला, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयाला चेंज रिपोर्ट (बदलाचा अहवाल) द्यावा लागतो. लहान ट्रस्ट इथेच घसरतात. मागचे रिपोर्ट प्रलंबित असले की पुढचे अडकतात, म्हणून तुम्ही जुन्यापासून क्रमाने लावलेत, प्रत्येकासोबत विलंबमाफीचा अर्ज, सभेची नोटीस, हजेरी, ठराव आणि नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र. बरेच रिपोर्ट नोटिशीच्या मुदतीवर पडतात. ट्रस्टच्या घटनेत जितके दिवस लिहिलेत तितके दिवस आधी नोटीस गेल्याचा पुरावा नसेल, तर एकमताने झालेला ठरावही निकामी.

वाडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कोकणात देवस्थानांच्या जमिनी याच वाटेने गेल्या. कूळ कायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचं मालक मानलं गेलं. त्याच कायद्यातलं कलम 88ब सार्वजनिक उपासनेच्या संस्थेच्या जमिनीला यातून सूट देतं, पण दोन अटींवर: ट्रस्ट नोंदणीकृत हवा आणि जमिनीचं सगळं उत्पन्न ट्रस्टच्या कामासाठीच खर्च व्हायला हवं. तसा जिल्हाधिकाऱ्यांचा दाखला मिळाला की तो निर्णायक पुरावा. आमचा दाखला जुन्या वह्यांत दुमडून पडला होता आणि तुम्ही तो हुडकलात. त्या एका पिवळ्या कागदावर वाडी उभी आहे.

म्हणून मक्त्याचा कागदही तुम्ही नव्याने लिहून दिलात. आधीच्या कागदात ‘वाडी खंडाने दिली’ असं होतं, म्हणजे मक्तेदार स्वतःला कूळ म्हणवायला मोकळा. आता फक्त उभ्या झाडांवरची नारळ-सुपारी, एका हंगामापुरती, ठरलेल्या रकमेला. जमीन, विहीर, पंप आणि मांगर (वाडीतली झोपडी) ट्रस्टच्या ताब्यात. मक्तेदाराने तिथे वस्ती करायची नाही, आंतरपीक घ्यायचं नाही. विजेचं बिल ट्रस्टच्या नावे, ई-पीक पाहणीही (सातबाऱ्यावरची पिकाची नोंद) ट्रस्टच्याच नावे. पाहणीत मक्तेदाराचं नाव शिरलं तर कागद कितीही चोख असला तरी पुढे उत्तरं द्यावी लागतात.

गाळ्यांचं प्रकरण सोपं, पण मोह मोठा. भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते, ती आम्ही मागितलीच नव्हती. करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. एकाने तिन्ही गाळे तीस वर्षांसाठी मागितले, एकरकमी पैसे देऊन. तुम्ही विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम 36 समोर ठेवलंत: इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांपेक्षा जास्त, शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायची, किंवा काहीही विकायचं, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी हवी. त्यासाठी ठराव, मूल्यांकन, वर्तमानपत्रात जाहिरात, बंद पाकिटातून देकार आणि यात ट्रस्टचं हित काय याचं उत्तर. हे ऐकताच ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. बरंच झालं!

हजानच्या खोल्यांबाबत तुमची सूचना आम्हाला आधी कोरडी वाटली होती. धर्मगुरूकडून लिहून काय घ्यायचं? आता पटतं. नेमणूकपत्रातच लिहिलंय की खोल्या सेवेसाठी आहेत, भाडं नाही, सेवा संपली की ठरलेल्या मुदतीत रिकाम्या करायच्या. पगारातून खोलीचे म्हणून एक रुपयाही कापायचा नाही, नाहीतर त्याला भाड्याचा रंग चढतो. यात हजानचंही भलं आहे, कारण त्याच पत्रात पगाराची तारीख, रजा आणि आजारपणातली व्यवस्थाही आली.

एका मुद्द्यावर आपलं अजून जमत नाही. तुम्ही म्हणता आधी हजानचा वर्षभराचा पगार बाजूला काढा, मग दुरुस्ती. आमचं मत, आधी कौलं. कोकणातल्या पावसात गळती वाशांवरून हेखालपर्यंत (पवित्र कपाटापर्यंत) उतरली, तर आतल्या सेफेर तोराच्या, म्हणजे हस्तलिखित धर्मग्रंथाच्या गुंडाळीच्या, चामड्याला बुरशी लागते आणि एक अक्षर गेलं तरी ती वाचनासाठी चालत नाही. सध्या तुमच्याच हिशेबाने वागतोय: उत्पन्नाचे 85 टक्के त्याच वर्षी कामाला लावायचे, 15 टक्के छपरासाठी ठेवायचे आणि त्याहून जास्त साठवायचं असेल तर कारण नमूद करून आयकर खात्याला मुदतीत कळवायचं, म्हणजे पाच वर्षांपर्यंत ठेवता येतं.

आणि लोद, रामले, दिमोना, अश्दोदच्या आमच्या माणसांना इथूनच सांगतो: प्रेमाने परस्पर पैसे पाठवू नका. इस्रायली नागरिकाची देणगी विदेशी योगदान ठरते, ओसीआय (परदेशस्थ भारतीय वंशाच्या नागरिकाचं) कार्ड असलं तरी. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं खातं लागतं. आमच्याकडे दोन्ही नाही. भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

ताई, एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाहूच्या) मलिद्याला घरच्यांसह या. मानधन घेणार नाही म्हणालात, ते मान्य. पण नकला, टायपिंग आणि जाहिरातीचा खर्च मात्र पावत्यांसकट पाठवा, या महिनाअखेरीच्या आत. पावती नसली की ऑडिटर तो खर्च धरत नाहीत.

आपले ऋणी,
विश्वस्त मंडळ