देवळात पेटी वाजवणाऱ्या नास्तिकाचे पत्र

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

देवाच्या दारात नास्तिकांची गाणी नकोत, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपण गेल्या आठवड्यात छापले. ते ज्या गाण्यावरून लिहिले गेले त्या गाण्याला पेटीची साथ मी केली होती. डाव्या हाताने भाता आणि उजव्याने सूर, म्हणजे या गुन्ह्यात माझे दोन्ही हात आहेत. म्हणून हा खुलासा.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या उत्सवात एक रात्र गावातल्याच मुलांच्या गाण्याची असते. यंदा कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीने दोन अभंग म्हटले, एक नाट्यगीत म्हटले आणि शेवटी 'धूल का फूल'मधले 'तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा' घेतले. सभामंडप भरलेला होता. वन्स मोअर आला तो पुढच्या रांगेतल्या महाजनांकडूनच, म्हणजे देवस्थानच्या मानकऱ्यांकडूनच. दुसऱ्या दिवशी महाप्रसादाच्या पंगतीत कोणीतरी मोबाईलवर शोधून काढले की कवी साहिर लुधियानवी नास्तिक होता. झाले! तोवर गोड लागलेले गाणे एकदम कडू झाले. आता देवस्थान समितीचा ठराव असा की पुढच्या वर्षीपासून प्रत्येक कलाकाराने गाण्यांची यादी महिनाभर आधी द्यायची आणि गीतकार श्रद्धावान असल्याची खात्री करून घ्यायची. आपल्या पत्रलेखकाने या ठरावाचे स्वागत केले आहे.

ही खात्री करायची कशी, ते मात्र ठरावात नाही.

मुळात ते गाणे आपले आहे. 1959 सालच्या त्या चित्रपटाचे संगीतकार एन. दत्ता म्हणजे दत्ता नाईक, अस्सल गोमंतकीय. शब्द नास्तिकाचे, चाल गोव्याच्या हिंदूची, गळा महंमद रफींचा. त्या काळी मुंबईच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन आणि ट्रम्पेट घेऊन बसणाऱ्यांत निम्मेशिम्मे आमचे सासष्टी-बार्देशचे ख्रिस्ती वादक असत, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले. गाण्यातल्या एका कडव्यात साहिर धर्माचे दुकान मांडून बसलेल्यांना 'ताजिर' म्हणजे व्यापारी म्हणतो. मुलीने ते कडवेही गाळले नाही. मला वाटते, खरा काटा तिथे रुतला.

आता हाच साहिर पाहा. 1958 सालच्या 'फिर सुबह होगी'त त्याने देवाला आकाशात बसवले आणि वर टोमणा मारला की हल्ली त्याचे इकडे फारसे लक्ष नसते. आणि तीनच वर्षांनी 'हम दोनों'साठी 'अल्लाह तेरो नाम' लिहिले. जयदेवांची चाल, लताबाईंचा आवाज. मी ज्या हायस्कुलात संगीत शिकवत होतो तिथे शनिवारच्या प्रार्थनेत आम्ही ते वर्षानुवर्षे म्हणत आलो. ठरावात उल्लेख गीतकाराच्या श्रद्धेचा आहे, तेव्हा हेही गाणे बाद. ते बाद करायला समितीतला कोण हात वर करतो ते मला पाहायचे आहे.

माझे स्वतःचे सांगतो, म्हणजे मागाहून कोणाला मोबाईलवर शोधावे लागणार नाही. मला देव पटत नाही. त्यामागे आघातबिघात काही नाही. पटला नाही, एवढेच. भैरवी पटते. चाळीस वर्षे मी दर सोमवारच्या पालखीला पेटी धरतो आणि आजवर कोणी मला विचारले नाही की बुवा, तुमचा विश्वास आहे का? सूर बरोबर लागतो की नाही एवढेच विचारले, आणि कधी कधी लागला नाही तेव्हा चारचौघांत बोलही लावले. ते रास्त होते.

पत्रलेखक म्हणतात की आपली परंपरा शुद्ध भक्तिसंगीताची. ज्याने तुकोबांची गाथा चाळली तो असे लिहिणार नाही. 'तीर्थी धोंडा पाणी' आमच्या भजनात इतक्या वेळा झाले आहे की त्यात काय म्हटले आहे ते ऐकू येईनासे झाले. तीर्थाला जाऊन आलेल्या माणसासमोर बसून आम्ही ते म्हणतो आणि तोही टाळ कुटतो! त्याच तुकोबांचा एक अभंग 'माझे लेखी देव मेला' असा सुरू होतो. असेल तो कोणाला असेल, मी त्याचे नाव घेणार नाही, आमचे दोघांचे तुटले, असे सरळ म्हणतात. हा अभंग मी चाळीस वर्षांत एकदाच ऐकला, एका म्हाताऱ्या बुवांकडून, पहाटे, मंडपात दहाबारा माणसे उरली होती तेव्हा. बुवांनी चाल साधी ठेवली होती, आलाप नाहीत, ताना नाहीत. कोणी मान डोलावली नाही. मीही पेटीवर नुसता षड्ज धरून बसलो, कारण तिथे दुसरे काही वाजवणे शोभले नसते.

आमच्या नास्तिक बाजूच्या लोकांचीही एक खोड आहे, संतांना ओढून नास्तिकांच्या पंगतीत बसवायची. ती मला मान्य नाही. तुकोबा विठ्ठलावर रुसले तरी रुसायला विठ्ठल लागतोच. धर्माच्या व्यवस्थेलाच ठरवून बाजूला सारणारे गाणे मराठीत आले ते नंतर, सत्यशोधकी जलशांतून. फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि पुढे त्याच्या जलशांनी तमाशाचा बाज तसाच ठेवून आतला ऐवज बदलला, भटजी आणि सावकार चव्हाट्यावर आणले. अण्णा भाऊ साठ्यांनी तर गणालाच हात घातला. तमाशाचा फड गणपतीच्या स्तवनाशिवाय सुरू होत नसे. अण्णांनी तिथे मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केले. ढोलकी तीच, डफ तोच, उभे राहण्याची तऱ्हा तीच, फक्त वंदनाची दिशा वळवली. आमच्या उत्सवी नाटकांत नांदीला पडदा उघडताना मला हे नेहमी आठवते.

बाहेरच्या देशांतही मोठे संगीत आणि मोठी श्रद्धा यांचा जमाखर्च असाच जुळत नाही. इटलीचा संगीतकार व्हर्दी याची श्रद्धा यथातथाच, आणि त्याचा रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीचे प्रार्थनासंगीत, 1874 मध्ये प्रथम झाला तो मिलानच्या चर्चमध्ये. इंग्लंडच्या व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने चर्चमध्ये गायची भजने गोळा करून, चाली निवडून, 1906 मध्ये 'इंग्लिश हिम्नल' या भजनसंग्रहाच्या संगीताचे संपादन केले. हा गृहस्थ तरुणपणी उघड नास्तिक होता. पाद्री मंडळींनी त्याला यादी मागितली असती तर चांगल्या चालींना तेच मुकले असते.

माझा भाचा मला इंग्रजी गाणी ऐकवतो. एक्सटीसी नावाच्या ब्रिटिश बँडचे 1986 चे 'डिअर गॉड' त्याने लावले. देवालाच लिहिलेले पत्र आहे ते, सुरुवात लहान मुलाच्या आवाजात. आधी ते तबकडीच्या मागच्या बाजूला टाकले होते, अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी तबकडी उलटून लावले आणि तेच गाजले. गाणे चांगले आहे, पण शेवटाकडे नुसते ओरडते. तुकोबा चार ओळींत तुटतात आणि गप्प बसतात, त्याने अंगावर काटा येतो. लेननचे 'इमॅजिन' मला फार गुळचट वाटते. एकतीस डिसेंबरला किनाऱ्यावरच्या शॅकांत ते गळ्यात गळे घालून म्हणतात, पहिल्याच ओळीत स्वर्ग नाही अशी कल्पना करा असे सांगितले आहे याचा कोणाला पत्ता नसतो. असो, हे थोडे वाहवत गेलो.

गाण्याला परवाना लावण्याची गोष्ट निघाली आहे तर गोव्यात तरी ती जपून काढावी. इथे ती एकदा होऊन गेली आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ख्रिस्तपुराण लिहिले ते मराठीत आणि ओवी छंदात. रायतूरला 1616 मध्ये ते छापले गेले आणि चर्चमध्ये वाचले जाई. पुढे 1736 मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांच्या लग्नाकार्यांतल्या जुन्या चालीरीती बंद केल्या, त्यांत बायकांच्या ओव्या होत्या. म्हणजे ज्या छंदात देवाचे चरित्र सांगून झाले, तोच छंद एकशे वीस वर्षांनी लग्नघरात चालेना. सांगणारे तेव्हाही पावित्र्यच सांगत होते.

देवळाच्या पावित्र्याचा मुद्दा निघालाच आहे म्हणून आणखी एक. आमच्या देवळांत गाणे जिवंत ठेवले ते कलावंत, म्हणजे देवदासी, घराण्यांतल्या बायकांनी. त्यांच्याकडून सेवा घेतली, त्यांना देवाच्या नावाने बांधून ठेवले आणि पंगतीत मात्र वेगळे बसवले. राजाराम पैंगीणकरांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र समितीने एकदा वाचावे. त्यात गाणी नाहीत, पण गाण्याची किंमत कोणी मोजली ते आहे.

आजही हे संपलेले नाही. तुर्कस्तानचा पियानोवादक फाझिल साय याला 2013 मध्ये धर्माचा अपमान केला म्हणून दहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. त्याने उमर खय्यामच्या नावावर असलेल्या ओळी ट्विटरवर टाकल्या होत्या. पुढे तो निर्दोष सुटला. आपल्याकडे 2024 मध्ये मद्रासच्या म्युझिक अकादमीने कर्नाटक संगीताचे गायक टी. एम. कृष्णांना संगीत कलानिधी हा पुरस्कार जाहीर केला तेव्हा रंजनी-गायत्री या गायिका भगिनींनी त्या वर्षीच्या संमेलनातून अंग काढून घेतले. कृष्णा तमिळनाडूच्या नास्तिक समाजसुधारक पेरियारांचा गौरव करतात, हे एक मुख्य कारण. न गाण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याने काय गावे हे ठरवण्याचा कोणालाच नाही. पत्रलेखकांनी भावना दुखावल्याबद्दल कायद्याची भाषाही केली आहे. जुने 295 अ कलम 1927 चे, आता ते भारतीय न्याय संहितेत 299 झाले. त्यात जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान असे स्पष्ट शब्द आहेत. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी रफींचे गाणे म्हणते, यात दुष्ट हेतू शोधायला फार बारीक चाळण लागेल.

पत्रलेखकांचे एक म्हणणे मला पटते. देवळाच्या दारात उभे राहून भाविकांना हिणवणारे गाणे मुद्दाम लावणे हा आगाऊपणा आहे. मी तशा गाण्याला साथ करणार नाही. त्यातही माझी पहिली तक्रार अशी असेल की अशी बहुतेक गाणी बेसूर असतात. नास्तिकांनी वाद पुष्कळ घातले, चाली फारशा बांधल्या नाहीत. भजनाकडे सातशे वर्षांच्या चाली आहेत आणि त्यांच्यासमोर नुसता युक्तिवाद तालात म्हटला तर तो पखवाजाच्या पहिल्या थापेलाच झोपतो. साहिर टिकला, कारण त्याला दत्ता नाईक, 'फिर सुबह होगी'चे संगीतकार खय्याम आणि जयदेव भेटले.

समितीचा यादीचा फॉर्म मलाही आला आहे, पुढच्या उत्सवात अर्धा तास पेटीचे सोलोवादन आहे म्हणून. त्यात 'गीतकार श्रद्धावान आहे / नाही' असा रकाना आहे. मी दोन धुनी लिहिल्या. 'अल्लाह तेरो नाम'पुढे 'नाही' लिहिले. 'माझे लेखी देव मेला'पुढे 'आहे' लिहिले. दोन्ही उत्तरे खरी आहेत. फॉर्म बुधवारी दिला, अजून काही कळवलेले नाही. दरम्यान माझ्या पेटीचा एक सूर पावसाने चिकटतो आहे, ती दुरुस्तीला टाकली आहे. सोमवारच्या पालखीला कोणाकडे काळी चारची बरी पेटी असल्यास देवळात कळवावे.

आपला,
एक निवृत्त संगीतशिक्षक,
फोंडा, गोवा