लिव्हरच्या ऑपरेशननंतर पेशंटला नुसतं झोपवून ठेवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

लिव्हर कॅन्सरचं ऑपरेशन म्हटलं की घरचे इतके घाबरतात की पेशंटला कुशीवर पण वळू देत नाहीत, नुसती पातळ पेज पाजतात, आणि ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब नाही. माझ्या काकांच्या वेळी हेच सगळं झालं म्हणून कळकळीने लिहितोय.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनपासून पेशंट ऑपरेशननंतर लवकर बरा व्हावा म्हणून एक वेगळी पद्धत सुरू केली, तिला आता 'इरास' (ERAS) म्हणतात, आणि लिव्हर सर्जरीसाठी तिच्या गाइडलाइन्स २०१६ ला आल्या, २०२२ ला अपडेट पण झाल्या. त्यात साधं पाणी भूल देण्याच्या २ तास आधीपर्यंत चालतं, घन अन्न ६ तास आधीपर्यंत. नाकातून पोटात जाणारी नळी सरसकट ठेवायची नाही, ऑपरेशननंतर लवकर खायला द्यायचं आणि दुसऱ्याच दिवशी उठवून चालवायचं. चालल्याने फुप्फुसं मोकळी राहतात, पायात गुठळी व्हायचा धोका कमी होतो. पण दुखणं नीट कंट्रोलमध्ये असेल तरच माणूस चालेल ना, त्यामुळे वेदनेच्या औषधाला पण तितकंच महत्त्व आहे.

सिरॉसिस (लिव्हर कडक होण्याचा आजार) असेल, डायबेटिस असेल तर डॉक्टर यात बदल करतील, ते त्यांनाच ठरवू द्या. पण निदान विचारा तरी!

दारू-तंबाखू बंद, रोज चालणं, पोटात पुरेसं प्रोटीन, ही तयारी ऑपरेशनच्या काही आठवडे आधीच सुरू व्हायला हवी. प्रत्येक हॉस्पिटलने हे सगळं मराठीत एका कागदावर छापून नातेवाईकांच्या हातात द्यावं, आणि तुमच्या आरोग्य पुरवणीत यावर एखाद्या लिव्हर सर्जनचा सविस्तर लेख छापा ही विनंती.

एक वाचक, सांगली