उरेब कटचा सिल्क गाऊन सांगून सरळ कापलेला पॉलिस्टर पाठवल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी / ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

ऑर्डर नंबर मेलच्या विषयातच टाकलाय, बिल आणि फोटो सोबत जोडलेत. तुमच्या साईटवरून मी जुन्या हॉलिवूड स्टाईलचा आयव्हरी रंगाचा लांब गाऊन मागवला. वर्णनात स्पष्ट लिहिलं होतं, प्युअर सिल्क सॅटिन, बायस कट (म्हणजे उरेब, तिरकं कापलेलं), १९३० ची फॅशन, आणि किंमत साडेआठ हजार. यातला फक्त रंग खरा निघाला.

गाऊन घातला तर कमरेखाली आडव्या सुरकुत्या, मांडीवर कापड इतकं ताणलेलं की जिना चढताना हातानं वर धरावा लागला आणि खुर्चीत बसल्यावर शिवण उसवते की काय अशी भीती. साईज चार्टप्रमाणे माझी सगळी मापं बरोबर बसतात, टेपनं मोजून फोटो दिलेत. तरी चॅटवर तुमच्या माणसानं काय लिहावं, तर 'मॅडम हे गाऊन स्लिम फिगरवरच उठून दिसतात, शेपवेअर घालून ट्राय करा.' त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय. हे वाचून मला जेवढा राग आला तेवढा गाऊन बघूनही आला नव्हता.

कारण हे सपशेल उलटं आहे. उरेब कापायचं म्हणजे कापड धाग्याला तिरकं, ४५ अंशात कापायचं, मग त्याच कापडाला आपोआप लवचिकपणा येतो, लायक्रा नसतानाही ते अंगाबरोबर सैल होतं आणि परत जागेवर येतं. पॅरिसमध्ये मादलेन व्हिओने या फॅशन डिझायनर बाईंनी १९२० च्या दशकात हे कसब इतकं पुढं नेलं की त्यांचे काही गाऊन चेन-हुक न लावता सरळ डोक्यातून घालता यायचे, आणि तेच पुढं हॉलिवूडनं उचललं. हॉलिवूडची नटी जीन हार्लो हिचा १९३३ च्या 'डिनर ॲट एट' सिनेमातला पांढरा सॅटिनचा गाऊन, डिझायनर एड्रियननं केलेला, बघा एकदा नीट. सिनेमा ब्लॅक अँड व्हाईट, रंगाचा काही आधार नाही, त्यामुळं सॅटिनवरून लाईट कसा सरकतो यावरच सगळा खेळ, आणि तो सरकतो कारण कापड तिरकं पडलंय आणि अंगावरून वाहतंय. तुमच्या गाऊनवर लाईट सुरकुतीत अडकतो. दोष कापणीचा आहे, माझ्या शरीरावर तो कशाला ढकलता?

मी नुसती रागावून लिहीत नाहीये, तपासून लिहितेय. आमच्या ओळखीच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडं गाऊन नेला, त्यांनी खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून दाखवलं, पुढच्या भागाचा उभा धागा गळ्यापासून पायापर्यंत सरळ रेषेत खाली येतोय. उरेब असता तर तो तिरका गेला असता. दोन हातांनी उभं ओढून बघितलं तर जरासुद्धा ताणत नाही, अस्तरही तसंच सरळ आणि कडक. उरेब कापायला कापड जास्त लागतं, वाया पण जास्त जातं, शिवाय तळाची दुमड मारायच्या आधी गाऊन निदान एक दिवस टांगून ठेवावा लागतो कारण कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं. हे सगळं वाचवून तुम्ही पैसे मात्र उरेबचे घेतले. मग काकूंनी आतल्या मार्जिनमधला एक धागा काढून जाळला. सिल्क जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची राख बोटात सहज चुरली जाते. इथं धागा वितळून टोकाला काळा कडक मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. सॅटिन ही विणीची पद्धत आहे, पॉलिस्टरचंही सॅटिन असतं आणि मला त्याचं वावडं नाही, पण मग तसं लिहा आणि तशी किंमत लावा.

अजून एक, प्रॉडक्टच्या पानावर हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ हिचा १९४६ च्या 'गिल्डा' सिनेमातला काळा स्ट्रॅपलेस गाऊन दाखवलाय. तो डिझायनर ज्याँ लुईनं केला होता आणि तो अंगावर टिकायचा आत शिवलेल्या कडक पट्ट्यांच्या ढाच्यावर, त्याचा नि तुमच्या मालाचा काडीचा संबंध नाही. मी कोल्हापूरची, सिनेमाच्या वेशभूषाकार भानू अथय्यांच्या गावची. १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये नटी नादिराच्या अंगावर त्यांनी जो गाऊन बसवला तो आजही लोक थांबून बघतात. त्यामागं किती शिवण आणि किती डोकं असतं हे कळायला लागल्यापासून मी असे कपडे जपून, पैसे साठवून घेते, केसांच्या वेव्हज घालायला शिकलेय, लाल लिपस्टिकची शेड शोधत बसते. माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. आम्हाला कापड आणि कट दोन्ही कळतं.

मला पूर्ण पैसे परत हवेत, पिकअप तुमच्या खर्चानं. एक्सचेंज किंवा कूपन नको. गाऊन धुतलेला नाही, टॅग तसाच आहे, धागा फक्त आतल्या मार्जिनमधून काढलाय. पानावरचं 'सिल्क' आणि 'बायस कट' आजच काढा, आणि चॅटवाल्यांना ग्राहकाच्या शरीरावर बोलायचं नाही हे लेखी कळवा, त्याची प्रत मला पाठवा.

ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला पाहिजे, आणि जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. कृपया उत्तर गाऊन हातात घेऊन बघणाऱ्या माणसाकडून यावं, चॅटमधलं ठरलेलं वाक्य परत पाठवू नका.

तुमची ग्राहक,
कोल्हापूर