शुक्रवारी रात्रीच घरी पोहोचते

नेरूळ, दि. १२ जानेवारी

ती. आई व ती. बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आपण तिघेही एकदमच बोलत होतो आणि कोणाचेच बोलणे पुरे झाले नाही, म्हणून हे लिहून पाठवत आहे. नेरूळहून ठाण्याला येणे हे काही मोठे काम नव्हे. पण समोर बसून हा विषय काढला की बाबा वर्तमानपत्र उघडतात आणि आई पोहे भिजवायला उठते, हा अनुभव आहे.

मी स्कूबा, म्हणजे हवेचे नळकांडे पाठीवर घेऊन समुद्रात बुड्या मारायला, शिकण्यासाठी मालदीवला जाते आहे. तिथून शनिवारी संध्याकाळी परतणार, म्हणजे मुंजीच्या आदल्या दिवशीचे ग्रहमख चुकणार, हे आईला पसंत नाही. ‘शुक्रवारी सकाळी काय ती बुडी मार आणि रात्रीच्या विमानाने ये,’ असे ती म्हणाली. ऐकायला हे सोपे वाटते, परंतु स्कूबामध्ये नेमके तेवढेच करता येत नाही.

बाबा, तुम्ही ज्याला ऑक्सिजनचे नळकांडे म्हणता, त्यात साधी हवाच दाबून भरलेली असते आणि तिचा जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजन असतो. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. मी जो पहिला अभ्यासक्रम करणार आहे त्याची मर्यादा १८ मीटर, म्हणजे तिथे दाब जमिनीवरच्या २.८ पट. त्या दाबाखाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळत जातो, आणि तो सावकाश बाहेर पडावा म्हणून मिनिटाला साधारण ९ मीटर एवढ्याच गतीने वर यायचे, वाटेत ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे, असा क्रम शिकवतात. तरीही पाण्याबाहेर आल्यावर थोडा नायट्रोजन अंगात राहतोच. अशा वेळी विमानात बसणे घातक, कारण विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो. कळसूबाईच्या माथ्यावर असतो त्याहूनही तो कमी होऊ शकतो. मग उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून थेट मज्जारज्जूच्या इजेपर्यंत काहीही होऊ शकते. आई, वाफ जिरायच्या आधी कुकरचे झाकण ओढले म्हणून तू मला एकदा चिमट्याने मारले होतेस. पांढऱ्या फरशीवर तूरडाळीचे शिंतोडे उडाले होते ते मला अजून दिसतात. इथे कुकर मीच आहे, एवढाच फरक.

एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि ओळीने काही दिवस बुड्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वमान्य नियम आहे. मी २४ तास धरून चालले आहे.

तरीही तुमचे म्हणणे मला पटले नाही असे नाही. नियम वाकणार नाही, पण माझ्या बुड्या कमी होऊ शकतात. रविवारी पोहोचायचे आणि सोमवार ते गुरुवार अभ्यासक्रम करायचा, त्यात समुद्रातल्या चार बुड्या. शुक्रवारच्या दोन बुड्या निव्वळ हौसेच्या होत्या. त्या मी सोडल्या. गुरुवारी सकाळी ११ पर्यंत शेवटची बुडी आटोपली की शुक्रवारी दुपारचे विमान निर्धास्तपणे घेता येईल. प्रवास तीन तासांच्या आतलाच असल्याने रात्री जेवायला मी तुमच्याकडे असेन. तिकीट बदलण्याचे पैसे गेले, त्याबद्दल बाबांनी काही बोलू नये.

आता खरे काम. अभ्यासक्रमाआधी प्रकृतीचा एक अर्ज भरावा लागतो आणि त्यात दम्याविषयी स्पष्ट प्रश्न आहे. माझा बाळदमा लपवायचा नाही असे मी ठरवले आहे. बाबा, तरणतलावावर तुम्ही मला ‘तोंड मीट, श्वास धरून ठेव’ असे शिकवलेत; स्कूबाचा पहिला नियम त्याच्या अगदी उलट आहे. १० मीटरवर घेतलेला श्वास वर येईपर्यंत दुप्पट फुगतो, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, नाहीतर फुप्फुसाला इजा होते. दम्यात श्वासनलिका आकसल्या तर हवा आपोआपच आत कोंडते. म्हणून हा प्रश्न. इथल्या छातीच्या डॉक्टरांनी श्वासाची चाचणी करून घेतली आहे, ती चांगली आली. पण शेवटचा पंप मी कोणत्या इयत्तेत वापरला आणि रात्री रुग्णालयात न्यावे लागले ते किती वेळा, हे त्यांना हवे आहे. मला सातवी वाटते; दादा नववी म्हणतो. त्यांनी नकार दिला तर मी पाण्यात उतरणार नाही, हे मी लिहून देते.

राहण्याची चिंता नसावी. मालेहून स्पीडबोटीने गाठता येणाऱ्या माफुशी या वस्तीच्या बेटावर साध्या अतिथीगृहात राहणार आहे. रिसॉर्टवर राहिले असते तर सगळा पगार तिथेच गेला असता. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे आणि गावात अंगभर कपडे घालण्याची रीत आहे, तेव्हा बाबांना ते गाव आवडेल. काही बिघडलेच तर दाबकक्षातले, म्हणजे हवेचा दाब वाढवलेल्या बंद खोलीतले, उपचार मालेजवळच्या बंडोस बेटावर होतात. न्याहारीला तिथे ट्यूना आणि ओल्या खोबऱ्याचा ‘मास हुनी’ असतो. तो मी खाणार नाही, त्यामुळे मेतकूट आणि दशम्या लागतील. मात्र आई, तू प्रत्येक प्रवासात माझ्या पिशवीत सरकवतेस तो पितळी गणपती या वेळी नको. पूजेच्या मूर्ती त्या देशात नेण्यास मनाई आहे आणि कस्टमवाल्यांनी तो काढून घेतला तर तुला चैन पडणार नाही. तो देव्हाऱ्यातच असू दे.

दवाखान्याची जुनी फाइल बहुधा लोखंडी कपाटात, बाबांच्या वीजबिलांच्या गठ्ठ्याखाली आहे. ती सापडली की दादाला पानांचे फोटो पाठवायला सांगावे. डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची आहे. ग्रहमखाला मी आईची मोतिया पैठणी नेसणार आहे, ती उन्हात घालून ठेवावी.

आपली,
धाकटी