बांधलेल्या बोटीचा हिवाळा

मिल्टन कीन्स
२५ फेब्रुवारी २०२१

प्रिय अविनाश,

तुझा परवाचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज ऐकला. त्यातली पंतप्रधान बोरिस जॉन्सनवरची शिवीगाळ वगळली तर प्रश्न दोनच उरतात. ऑक्टोबरअखेर शेवटची बघितलेली तुझी नॅरोबोट, म्हणजे कालव्यावरची अरुंद पोलादी बोट, एप्रिलपर्यंत तशीच राहिली तर चालेल का? आणि मरीनाचं, म्हणजे बोटी भाड्याने उभ्या करायच्या जागेचं, भाडं वाचवायला ती बाहेर कालव्याच्या काठाला, टोपाथला नेऊन बांधली तर काय बिघडेल? पहिल्याचं उत्तर 'नाही', दुसऱ्याचं 'बरंच काही'. आता सविस्तर.

या सोमवारी जाहीर झालेल्या, कोरोनाचा लॉकडाउन उठवायच्या वेळापत्रकाप्रमाणे 'घरीच राहा' हा आदेश २९ मार्चला उठेल. बोटीवर रात्री मुक्काम करायला मात्र १२ एप्रिल उजाडेल, तोही फक्त आपल्या घरच्या माणसांबरोबर. शिवाय 'त्याआधी नाही' एवढंच सांगितलंय, 'त्या दिवशी नक्की' असं कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे अजून किमान साडेसहा आठवडे. तोवर तुझे डोळे म्हणजे मरीनातला माणूस. त्याला 'बोट ठीक आहे ना?' असं विचारू नकोस. तो लांबूनच बघून 'ठीक आहे' म्हणेल. तरंगणारी प्रत्येक बोट लांबून ठीकच दिसते. त्याच्याकडून तीन फोटो माग: मागच्या टोकाला पाण्याची रेघ कुठे आलीय त्याचा, इंजिनाखालच्या तळाचा, आणि बॅटरीच्या व्होल्टमीटरचा. आठवड्याला एकदा, दर वेळी त्याच जागेवरून. पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या आठवड्याच्या फोटोत रेघ दोन बोटं वर गेली असेल, तर कुठूनतरी पाणी आत येतंय.

ते बहुधा मागूनच येतं. पंख्याचा दांडा बोटीच्या बाहेर जातो तिथे एक नळी असते आणि नळीच्या तोंडाशी ग्रीस लावलेल्या दोरीसारख्या पॅकिंगचे वेढे दाबून बसवलेले असतात. हा स्टर्न ग्लँड. बोट चालू असताना तो थोडा ठिबकला तर हरकत नाही, उभी असताना ठिबकता कामा नये. म्हणून बोट सोडताना तिथे ग्रीस दाबणाऱ्या ग्रीसरची पितळी मूठ हाताला घट्ट लागेपर्यंत फिरवायची असते. ती फिरवली होतीस का, हे तुला आठवत नसेल तर फिरवली नाहीस असं धर. हिशेब साधा आहे. तीन सेकंदांना एक थेंब म्हणजे मिनिटाला वीस, साधारण एक मिलिलिटर. दिवसाला जवळपास दीड लिटर, महिन्याला चाळीसच्या वर. हे पाणी आपोआप चालू होणारा बिल्ज पंप बाहेर फेकतो, पण तो चालतो बॅटरीवर. बॅटरी उतरली की पंप थांबतो, पाणी थांबत नाही. बोट मागून खाली बसते, मग एरवी पाण्याच्या वर असणारी डेकच्या निचऱ्याची भोकं पाण्याशी येतात आणि पुढचं काम कालवाच करतो. पहिल्या थेंबापासून इथपर्यंत यायला महिने लागतात. म्हणूनच नेहमीच्या वर्षी हे कुणाच्या ध्यानात येत नाही: लोक पंधरा दिवसांनी येतात, मूठ फिरवतात, जातात. गेल्या मार्चपासून ते पंधरा दिवस लांबले आणि लहान दोष मोठे झाले.

तुझी बोट क्रूझर स्टर्नची, म्हणजे मागे उघडा डेक आणि त्याखाली इंजिन. तिला पावसाचं पाणीही आहे. डेकच्या फळ्यांखाली जे पत्र्याचे पन्हाळ आहेत ते पानांनी तुंबले की पाणी थेट इंजिनाच्या खोलीत उतरतं. महिन्याला ६० मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला ६० लिटर. तुझा डेक तीन चौरस मीटरचा तरी असेल, म्हणजे महिन्याला १८० लिटर. मरीनावाल्याला एकदा पन्हाळात बोट फिरवायला सांग (हाताचं). आणि इंजिनाखाली तेल शोषणारी घडी ठेवायला सांग. नाहीतर पंप तेलकट पाणी कालव्यात सोडेल, आणि तो गुन्हा आहे.

बॅटरीचं म्हणशील तर लेड-ॲसिडची पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यात १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्वीसारखी चार्ज होत नाही. छपरावर आडवं टाकलेलं शंभर वॉटचं पॅनेल इंग्लंडच्या जानेवारीत शोभेपुरतंच, त्यात वर शेवाळ. तू किनाऱ्याची वीज जोडून ठेवली आहेस हे चांगलं, पण ती प्रीपेड मीटरवर आहे ना? शिल्लक संपली की चार्जर गुपचूप बंद पडतो. व्होल्टमीटरच्या फोटोत आकडा उतरताना दिसला तर आधी मीटर बघायला सांग, मग बॅटरीला दोष दे. दुसरं: किनाऱ्याच्या अर्थिंगच्या तारेतून तुझी बोट शेजारच्या बोटींशी जोडली जाते आणि तुझे ॲनोड, म्हणजे पोलादाऐवजी गंजायला बाहेरून लावलेले मॅग्नेशियमचे ठोकळे, त्यांच्या पोलादासाठी झिजतात. मध्ये हे अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे का ते बघ. नसेल तर बॅटरी भरली की तार काढलेली बरी.

आता गोठण्याचं. या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात जी थंडी पडली तीत मरीनाचं पाणीही वरून गोठलं असणार. त्याने पोलादी बोटीला काही होत नाही, रंगावर ओरखडे येतील एवढंच. फुटतं ते आतलं. तू टाकी रिकामी केलीस म्हणतोस, पण टाकी हा सगळ्यात निर्धोक भाग. पाणी अडून राहतं ते पंपाच्या गाळणीत, शॉवरच्या मिक्सरमध्ये आणि कॅलोरिफायर नावाच्या गरम पाण्याच्या टाकीत. नळ उघडे ठेवले नसतील तर जोडाजोडांतही. प्लास्टिकचा पाइप एक वेळ ताणून घेतो, पितळी मिक्सर तडकतो. आणि तो तडकलाय हे बर्फ वितळून पंप चालू करेपर्यंत कळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये पाणी भरलंस की सगळे नळ बंद करून पंप चालू कर आणि तिथेच उभा राहा. दाब भरला की पंप थांबायला हवा. नळ बंद असताना तो मधूनमधून टकटक करून पुन्हा सुरू झाला तर गळती आहे. आधी सिंकखाली हात घाल, मग शॉवरच्या फळीमागे. कॅलोरिफायर भरल्याची खात्री होईपर्यंत त्याचा विजेचा हीटर लावू नकोस, कोरडा तापला की जळतो.

इंजिनाची काळजी त्यामानाने कमी. नॅरोबोटला सहसा बाहेरचं पाणी इंजिनात घ्यावं लागत नाही, आतलंच पाणी बोटीच्या कुशीला चिकटलेल्या चपट्या टाकीतून फिरून थंड होतं. अँटिफ्रीझ निम्मंनिम्म असेल तर इथल्या थंडीला ते पुरून उरतं. निळं दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि आधीच्या मालकाने कधी बदललं ते कागदावर नसेल तर बदललं नाही असं धर. डिझेलची टाकी मात्र भरलेली हवी होती. अर्ध्या टाकीत हिवाळाभर घाम धरतो, पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळा बुळबुळीत जंतू वाढतो. इंजिन सुरू होतं, वीस मिनिटं चालतं आणि नेमकं पुलाखाली फिल्टर तुंबून बंद पडतं. आधी फिल्टरच्या काचेच्या वाटीतलं पाणी काढ, मगच किल्ली फिरव.

तुमच्या दाभोळला जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. इथे ते काम नोव्हेंबरात, आणि बोट पाण्यातच ठेवून. फरक एवढाच. शाकारणी कुणी निम्मी करत नाही.

आता भाड्याचा प्रश्न. बोटीची कायमची जागा, म्हणजे होम मूरिंग, सोडलंस तर १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याप्रमाणे कुठल्याही एका जागी १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. तेही याच दोन जागांत मागेपुढे करून नाही, खरोखर प्रवास व्हायला हवा. गेल्या मार्चमध्ये कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टने ही अट स्थगित केली, या जानेवारीत पुन्हा केली, आणि त्यावरून तुला वाटतंय की टोपाथ फुकट आहे. ती सवलत ज्यांचं घरच बोट आहे त्यांनी हलू नये म्हणून होती. पाणी भरायला, संडासाची कॅसेट ओतायला, कोळसा-डिझेल घ्यायला त्यांनाही हलावं लागतंच. सवलत उठली की लेस्टरला नोकरी करणारा माणूस दर चौदाव्या दिवशी बोट हलवायला जाणार कसा? आणि पुढचा स्थानिक लॉकडाउन आला तर? देशातला पहिला तुमच्याच गावात लागला होता. शिवाय टोपाथला पाणी नाही, वीज नाही, आणि फोटो काढणारा माणूस तर नाहीच.

बांधण्याचंही बघ. काठाला लाटेचा पोलादी पत्रा असेल तिथे त्याच्या आडव्या पट्टीमागे अडकणारे चिमटे लागतात, ते सहसा सुटत नाहीत. नुसती माती असेल तर खुंट्या ठोकायच्या, आणि पावसाने भिजलेल्या मातीत खुंटी किती टिकते ते तू कोकणातला असून मी सांगायला नको. शेजारून एखादा वेगात गेला की पाणी आधी ओढलं जातं, मग ढकललं जातं, बोट पुढेमागे होते आणि प्रत्येक हिसक्याला खुंटी बोटभर वर येते. त्यावर उपाय म्हणजे दोर बोटीला काटकोनात नको, पुढचा पुढे आणि मागचा मागे तिरका, साधारण ४५ अंशांत, म्हणजे बोट पुढेमागे सरकत नाही. ताण इंजिनाने नाही, हाताने द्यायचा. आणि छपरावरचा मधला दोर हा फक्त लॉकपाशी, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यापाशी, बोट धरायला. त्याने बांधून ठेवलंस तर हिसक्याला बोट आडवी कलते आणि फडताळातली भांडी खाली.

खाली सोअर नदीवर बांधण्याचा विचार तर मनातच आणू नकोस. कालव्याची पातळी बोटं-दोन बोटं हलते, नदीची रात्रीत कमरेएवढी. गेल्या महिन्यात क्रिस्टोफ वादळात काय झालं ते बातम्यांत पाहिलंस. दोर आखूड असेल तर वर चढणारी बोट एका कडेने खाली धरली जाते, सैल असेल तर ती काठावर चढते आणि पूर ओसरला की तिथेच राहते. दोर तासातासाला सैल करणारा माणूस हवा. फॉक्सटनच्या लॉकच्या वरचा कालव्याचा वीस मैलांचा सपाट पट्टा तुला मिळालाय, एकही लॉक नाही, पूर नाही. भाडं त्याचंच आहे.

विम्याचा कागद आजच काढ. हिवाळ्यात पाणी काढून टाकलेलं असावं, ठरावीक दिवसांनी बोट पाहिलेली असावी, अशा अटी बारीक अक्षरात असतात. मरीनावाल्याचे तारीख असलेले फोटो तिथेही कामाला येतील. बोट सेफ्टीचं सर्टिफिकेट चार वर्षांचं, तुझं कधी संपतंय?

आणि एक कटू गोष्ट. गेल्या ऑगस्टमध्ये सगळं जग बोटी घ्यायला धावत होतं, आणि तू व्हिडिओवर बघून, पाण्याबाहेर न काढता घेतलीस. झालं ते झालं. पण या उन्हाळ्यात ती बाहेर काढ, पोलादाची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घे. तळ १० मिलिमीटरचा, बाजू ६ च्या असतात. ४ च्या खाली कुठे आलं तर विमावाले कुरकुर करतात. त्याच वेळी डांबराचे दोन-तीन हात आणि नवे ॲनोड. डांबर दोन-तीन वर्षं टिकतं.

१२ एप्रिलला गेलास तर आत पाऊल टाकण्याआधी दार उघडं टाक, वास घे, मग गॅसचा कॉक. धुराड्यावरचा डबा काढल्याशिवाय शेकोटी पेटवू नकोस, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं बटण दाबून बघ. आत ऊब राहावी म्हणून छपरावरच्या झरोक्यांत कापड कोंबलं असशील तर पहिलं ते काढ. टाकीतलं पहिलं पाणी पिऊ नकोस, निर्जंतुकाची मात्रा घालून ठेव आणि प्रत्येक नळ, शॉवरसुद्धा, वाहू दे. लॉकवर स्वतःचा विंडलास (झडपा फिरवायचा हँडल), हातमोजे. दरवाजाच्या ज्या तुळईला पाठ लावून तू ढकलणार तिला त्या दिवशी पन्नास जणांनी हात लावलेला असतो. अल्कोहोलचा जेल शेकोटीपासून लांब. फॉक्सटनच्या जिन्यासारख्या एकाला एक लागून असलेल्या लॉकमध्ये लॉककीपरला विचारल्याशिवाय शिरायचं नाही, दहा लॉक आहेत, मध्ये समोरून बोट आली तर मागे फिरता येत नाही. तिथे आधी लाल झडप, मग पांढरी. उलट केलंस तर पाणी बाहेर सांडेल, आणि तिथे सध्या सगळं लेस्टर फिरायला येतं.

हो, ती संडासाची कॅसेट. ऑक्टोबरात ओतली होतीस ना? नसेल तर वहिनींना पहिल्या फेरीला नेऊ नकोस.

पहिले तीन फोटो आले की मला पाठव. मागच्या टोकाचा आधी.

तुझा,
मिलिंद