साथ आली तरी डोळ्यातले इंजेक्शन चुकू नये

महोदय,

साथ आली की 'तातडीचे नसेल ते पुढे ढकला' असे सांगितले जाते. मोतीबिंदूला ते चालून जाते. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे मॅक्युलाखाली, नव्या रक्तवाहिन्या फुटून पाणी आणि रक्त झिरपत असेल तर चालत नाही. मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीत एसटी बंद होती, जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत होता, त्यात डोळा दुखत नाही म्हणून घरचेही निर्धास्त होते. हा आजार दुखतच नाही. त्यावरचा उपचार म्हणजे ठरलेल्या अंतराने डोळ्यात द्यायचे इंजेक्शन. ते थांबले की काही आठवड्यांत तिथे व्रण धरू लागतो, आणि व्रण धरल्यावर कितीही इंजेक्शने दिली तरी मधली नजर परत येत नाही. म्हणून डॉक्टरांनी पुढची तारीख आणि 'लांबवता येणार नाही' हा शेरा चिठ्ठीवर लिहून द्यावा. प्रवासावर बंदी असेल तर नाक्यावर तीच दाखवता येते.

रुग्णालयांची अडचण खरी आहे. या इंजेक्शनसाठी वापरल्या जाणाऱ्या बेव्हॅसिझुमॅब या औषधाच्या ४ मिलीच्या कुपीतून एका डोळ्याला फक्त ०.०५ मिली लागते. एक कुपी अनेकांत विभागली की औषध स्वस्त पडते, म्हणून 'इंजेक्शनचा वार' ठरतो आणि त्या दिवशी साठीपुढच्या, मधुमेही माणसांचीच गर्दी होते. वार मोडू नये, वेळा वाटून द्याव्यात. ठरलेल्या अंतराने इंजेक्शन घेणाऱ्यांची दर खेपेला ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे थर दाखवणारी तपासणी) करायची गरज नसते. नजर मोजावी, इंजेक्शन द्यावे, घरी पाठवावे.

मास्कची एक गोष्ट सहज निसटते. नाकावरची कड सैल असेल तर श्वास थेट डोळ्याकडे जातो आणि त्याबरोबर तोंडातले जंतूही. ती कड चिकटपट्टीने बंद करावी, डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक घालावे आणि सुई आत असताना खोलीत कोणी बोलू नये. घरी गेल्यावर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर न दुखणारा लाल डाग दिसला तर घाबरू नये. पण दोन-चार दिवसांत दुखणे, लाली वाढली, नजर उतरली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर एक रात्रही महाग पडते.

दोन भेटींच्या मधली राखण घरी करता येते. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने १० सेंटिमीटरचा चौकोन काढा, त्यात ५ मिलिमीटरच्या चौकटी आखा, मधोमध ठळक ठिपका द्या. वाचायचा चष्मा लावून कागद ३० सेंटिमीटरवर धरा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि नजर ठिपक्यावरच ठेवा. बहुतेक जण इथेच चुकतात : दोन्ही डोळे उघडे ठेवतात, मग चांगला डोळा वाईटाचे दोष झाकतो, किंवा रेघांमागे नजर फिरवतात. रेघा वाकड्या दिसल्या किंवा करडा डाग दिसला, तर तेवढा भाग पेन्सिलने खुणावून तारीख घाला. नवी खूण उमटली की त्याच दिवशी फोन. रेघा सरळ दिसल्या म्हणून मात्र ठरलेले इंजेक्शन टाळू नये. सूज थोडी असेल तर या कागदावर ती कळतेच असे नाही.

कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्यांनी विशेष जपावे. त्याने साखर चढते, शिवाय मॅक्युलाखाली पाणीही साठू शकते.

ज्यांची मधली नजर गेली आहे, त्यांतल्या काहींना नसलेली माणसे, चेहरे, नक्षी दिसते. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नाही, बाहेरची बाधाही नाही. डोळ्याकडून चित्र येईनासे झाले की मेंदू स्वतःच ते रंगवतो. घरात एकटे कोंडून राहिले की हा त्रास वाढतो. दिवा लावला, डोके न हलवता नजर डावी-उजवीकडे काही वेळा फिरवली, तर बऱ्याचदा चित्र विरते. लोक काय म्हणतील या भीतीने म्हातारी माणसे हे सांगत नाहीत. तेव्हा फोनवर तब्येत विचारणाऱ्याने औषधांची यादी वाचून झाल्यावर सरळ विचारावे : "आजी, समोर कोणी नसताना कोणी दिसते का?"

– मॅक्युलाच्या रुग्णांसोबत काम करणारे नेत्रतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट, पुणे