निधनवार्तेत न मावलेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या दैनिकातील निधनवार्तांमध्ये पूर्व भागातील एका यंत्रमाग कामगाराच्या मृत्यूची चार ओळींची बातमी प्रसिद्ध झाली. वय ४७, हृदयविकाराचा झटका, आणि 'त्यांच्या पश्चात आई, पत्नी व दोन मुली असा परिवार आहे'. बातमीत चूक काहीच नाही, आणि रोज अशा दहा-बारा वार्ता छापणाऱ्या सदराकडून याहून अधिक अपेक्षा करणे योग्यही नाही. तथापि मी अठरा वर्षांपासून या कुटुंबाची शेजारीण आहे, दोन्ही मुली माझ्याच वर्गात शिकून गेल्या आहेत, म्हणून 'असा परिवार आहे' या शब्दांत काय होते ते लिहिण्याची परवानगी घेत आहे.

नव्वदच्या दशकात सोलापुरातील कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यात या कामगाराच्या वडिलांची नोकरी गेली आणि हा मुलगा दहावीला न बसताच मागावर गेला. धोट्यातील कांडी बदलण्यापासून सुरुवात करून ते जॉबर झाले. कारखान्यातला कोणताही माग अडला की हाक त्यांनाच. पत्नी विड्या वळतात. वळलेल्या विड्या देऊन नवे पान-तंबाखू आणण्यासाठी त्यांना सकाळी लवकर बाहेर पडावे लागे, त्यामुळे मुलींच्या वेण्या घालण्याचे काम वडिलांकडे आले आणि ते त्यांनी जवळजवळ दहा वर्षे केले. रात्रपाळीहून आल्यावर, चहा घेण्याआधी, ते उंबऱ्याशी फतकल मारून बसत आणि दोघींना एकामागून एक पुढ्यात घेत. तुटलेला ताणा चाचपून जोडणाऱ्या त्या बोटांनी घातलेली वेणी शेवटच्या तासापर्यंत जशीच्या तशी राही. वर्गातील इतर मुली तोवर झिपऱ्या झालेल्या असत, हे मी शिक्षिका म्हणून रोज पाहत होते. 'फार घट्ट घालतात' अशी धाकटीची तक्रार असे, परंतु आई घरी असली तरी ती वेणीसाठी वडिलांकडेच जाई.

नळाला चार-पाच दिवसांआड आणि तेही अवेळी पाणी येण्याचा आपल्या शहराचा शिरस्ता आहेच. रात्री दोनला पाणी आले, तर हे गृहस्थ घरच्या टाकीबरोबर माझे दोन पिंपही भरून ठेवत. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा अम्माला, म्हणजे त्यांच्या आईला, दिसावा म्हणून ते तिला पहाटेच नेऊन जागा धरून बसवीत. गड्ड्याच्या जत्रेत मुलींना पाळण्यात बसवून स्वतः मात्र खालीच उभे राहत. उंचीची भीती वाटते असे सांगत, पण खरे कारण तिकिटाचे पैसे असावेत, असे मला वाटे.

त्यांच्या घरात खुंटीला एक कापडी पिशवी असे. तिच्यात अम्माच्या मधुमेहाची, पत्नीच्या गुडघ्यांची आणि दोन्ही मुलींची अशा वेगवेगळ्या फाइली, तारखेवार लावलेल्या. आमच्या गल्लीतील एका आजोबांची अँजिओप्लास्टी ठरली, तेव्हा रेशनकार्ड व आधारकार्डाच्या प्रती काढून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची सगळी धावपळ यांनीच केली होती. म्हणजे हृदयविकार काय असतो, हे या माणसाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही.

मे महिन्यात दोन दिवस त्यांच्या पाठीत आणि डाव्या खांद्यात जडपणा होता. पित्त असेल म्हणून गोळी आणि सोडा घेतला. दरदरून घाम येत होता. पण पत्र्याच्या शेडमध्ये, त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, कोणाच्या घामाकडे कोण पाहणार? मी दारात उभी राहून 'डॉक्टरांना दाखवा' म्हटले, त्यावर 'बाई, टॉवेलची गाडी एकदा भरू द्या, मग जातो' असे उत्तर मिळाले. ती पाळी बुडाली असती तर थोरलीच्या फार्मसीच्या फीचा हप्ता लांबला असता, हे मला नंतर कळले. मध्यरात्री सहकाऱ्यांनी त्यांना दुचाकीवर मधे धरून दवाखान्यात नेले. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका त्या घाईत कोणालाच सुचली नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. मी स्वतः हात धरून नेले नाही, याची बोच मात्र मला आहे.

यंत्रमाग कारखान्यांच्या मालकांना माझी एवढीच विनंती आहे की, उन्हाळ्यात पाळी सुरू असताना एखाद्याने पाठ, जबडा किंवा हात जड झाल्याचे सांगितले, तर माग तासभर बंद ठेवून त्याचा ईसीजी काढून आणावा आणि त्या तासाचे पैसे कापू नयेत. जॉबरसारखी माणसे आपल्यामुळे काम अडेल या धाकाने तोंड उघडत नाहीत.

दहाव्या दिवसानंतर मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा थोरली ती पिशवी आवरत होती. तिने वडिलांच्या नावाची फाइल नव्याने केली आहे. तिच्यात त्या रात्रीच्या ईसीजीचा एकच कागद आहे.

कुटुंबाच्या इच्छेनुसार मी कोणाचेही नाव लिहिलेले नाही. माझे नावही प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर